धावपट्टीमागची बिऱ्हाडं

इंग्लंडमधल्या लिंकनशायरचा उपग्रहावरून घेतलेला नकाशा उघडावा आणि नुसता सरकवत राहावं. गव्हाच्या, मोहरीच्या, बटाट्याच्या शेतांत मधेच एक वेगळीच आकृती दिसते. तीन सरळ पट्टे एकमेकांना छेदून गेलेले आणि त्यांच्याभोवती एक वाकडंतिकडं कडं. कुठे ती अख्खी आहे, कुठे नांगराखाली निम्मी गेली आहे, तर कुठे त्या पट्ट्यांवरच कोंबड्यांच्या लांबलचक शेड ओळीनं उभ्या आहेत. नकाशा जरा पुढे सरकवला की दुसरी सापडते, मग तिसरी. हे दुसऱ्या महायुद्धातले विमानतळ. १९३९ ते १९४५ या काळात ब्रिटनमध्ये चारशेच्या वर नवे तळ बांधले गेले. १९४२ च्या धामधुमीत तर सरासरी तीन दिवसांनी एक नवा तळ सुरू होत होता.

मी इथे राहायला आले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. शनिवारी सकाळी शेतांमधल्या पायवाटांनी दोन-तीन तास चालायचं, एवढाच माझा छंद. एकदा अशीच बांधाबांधानं चालले होते. आदल्या रात्रीच्या पावसानं बुटांना चिखलाचे गोळे चिकटलेले, पाय उचलताना जड. आणि एकदम पाऊल हलकं पडलं. खाली बघितलं तर काँक्रीट. भेगांतून गवत वर आलेलं, सांध्यांमधलं डांबर मात्र अजून काळंभोर. समोर ते काँक्रीट दूरवर सरळ गेलेलं आणि वर कुठेतरी चंडोल गात होता. शेतात एवढा रुंद रस्ता कशाला, या कुतूहलानं मी त्याच्या कडेकडेनं चालत सुटले.

मोठ्या बॉम्बर विमानांसाठी तेव्हा तळाचा एक साचाच ठरलेला होता. मुख्य धावपट्टी २,००० यार्डांची, म्हणजे सुमारे १,८३० मीटर, आणि बाकीच्या दोन १,४०० यार्डांच्या. वारा कुठूनही आला तरी तिघींपैकी एक सोयीची पडायची. या पट्ट्यांच्या पायात काय भरलंय हे पुढे वाचनात आलं आणि त्यानंतर मला त्यांच्यावरून सरळ मनानं चालता येत नाही. लंडनवर बॉम्ब पडून जी घरं कोसळली, त्यांचा राडारोडा रेल्वेनं पूर्व इंग्लंडात आणून अशा कितीतरी धावपट्ट्यांखाली दाबला होता. युद्धानंतर यातलं बरंच काँक्रीट फोडून नव्या रस्त्यांच्या भरावाला गेलं. कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या भिंतीवरून आधी विमानं धावली, आता ट्रक धावतात.

त्या दिवशी मला हटकलं ते शेताच्या मालकांनी. पंचाहत्तरी ओलांडलेले, जुन्या लँड रोव्हरमध्ये कुत्रा घेऊन बसलेले.

“वाट चुकलात का?”

“नाही, हे काय आहे ते बघत होते.”

“सगळे धावपट्टीच बघायला येतात,” ते म्हणाले. “फोटो काढतात आणि जातात. माणसं राहायची ती तिकडे, त्या रानात. तिकडे कोणी फिरकत नाही.”

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जागा त्यांच्या खासगी जमिनीत आहे आणि त्यांनी मला जाऊ दिलं हा त्यांचा चांगुलपणा.

रान धावपट्टीपासून मैलभर लांब. एवढ्या लांब का, याला कारण आहे. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमानांनी इंग्लंडमधल्या तळांवर हल्ले सुरू केले, तेव्हा माणसं विमानं ठेवायच्या हँगरच्या शेजारीच राहायची, जेवायची. १३ ऑगस्टला केंटमधल्या डेटलिंगच्या तळावर एका दुपारी ६७ माणसं गेली. पुढे जे तळ बांधले त्यांत राहण्याची जागा विमानांपासून तोडून आसपासच्या शेतांत, झाडांच्या आडोशाला पांगवली. इथे झोपायची एक वस्ती, तिथे दुसरी, मधे कुठेतरी जेवणघर, पलीकडे दवाखाना, महिला दलाच्या मुलींची वेगळी वस्ती. प्रत्येक वस्तीला नुसता क्रमांक. दोन-अडीच हजार माणसांचं गाव, पण सगळं विखुरलेलं, म्हणून प्रत्येकाजवळ सायकल. अंघोळीला जायचं तरी सायकल.

रानात शिरल्यावर आधी लागतात त्या नेटलच्या झुडपांच्या राई. कापडावरूनही डंख मारतात. माणसांचा वावर जिथे खूप झाला त्या जमिनीत ही झुडपं माजतात, असं इथले लोक सांगतात आणि त्याला शास्त्राचाही आधार आहे, मातीत फॉस्फेट साठून राहतं. झुडपांच्या मधून सिमेंटची पाऊलवाट, जेमतेम एका सायकलीपुरती. दोन्हीकडे चौथरे, नुसते चौथरे, एकाला एक समांतर. एका चौथऱ्याच्या बरोबर मधे ओक उगवून छपराएवढा झालेला. न्हाणीघराच्या भिंती उभ्या आहेत, पण त्या अर्ध्या विटेच्या. दहा वर्षं टिकल्या तरी पुष्कळ, असा हिशेब करून बांधलेल्या. ऐंशी वर्षं झाली तरी उभ्या आहेत याचंच नवल वाटावं.

आणि रानाच्या अगदी टोकाला एक निसेन हट, शाबूत.

या घराचा आकार म्हणजे मोठं पिंप उभं चिरून अर्धं जमिनीवर पालथं घालावं तसा. वर पन्हळी पत्रा, आत लोखंडी कमानी, दोन्ही टोकांना विटांची भिंत. मेजर पीटर निसेन नावाच्या लष्करी अभियंत्यानं पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, हे घर काढलं. सुटे भाग ट्रकमधून न्यायचे आणि सहा माणसांनी चार तासांत उभं करायचं, ही त्यामागची कल्पना. वीस-पंचवीस वर्षांनी दुसरं युद्ध आलं तेव्हा ते हजारोंनी पुन्हा उभं राहिलं. मधे कोळशाची एक शेगडी. ती ज्या सिमेंटच्या चौकोनावर बसायची तो चौकोन इथे आहे, छतातलं धुराड्याचं भोकही आहे. शेगडीजवळची खाट मिळाली तो नशीबवान. बाकीच्यांच्या डोक्यावर हिवाळ्यात पत्र्याला घाम सुटायचा आणि ब्लँकेटवर टिपकायचा.

अशा एका घरात दोन विमानांची माणसं राहायची. लँकेस्टर या बॉम्बर विमानात सात माणसं, म्हणजे दोन विमानांची चौदा. तीस मोहिमा पुऱ्या केल्या की एक पाळी संपली. वयं बहुतेक विशीतली. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये उड्डाणावर जाणारी सुमारे १,२५,००० माणसं होती, त्यातली ५५,५७३ मेली. लिंकन शहरालगतच्या टेकडीवर त्यांचं स्मारक आहे, लँकेस्टरच्या पंखांच्या लांबीएवढा उंच गंजरंगी पोलादाचा मनोरा आणि भोवती नावांच्या भिंती. मी तिथे गेले आहे, नावं वाचली आहेत. त्यातली माणसं राहत कशी होती, हे मात्र मला या पत्र्याखाली उभं राहिल्यावर कळलं. मोहीम सात-आठ तासांची. उरलेला सगळा काळ इथे. पत्रं लिहायची, मोजे वाळवायचे, पत्त्यांचा डाव, पाऊस, वाट बघणं.

आणि कधी सकाळी सात खाटा रिकाम्या. मग हवाई दलाची माणसं यायची. हे कामच होतं आणि ते करणाऱ्या मंडळाला ‘कमिटी ऑफ अॅडजस्टमेंट’ म्हणायचे. कपाट उघडायचं, सरकारी वस्तू एका बाजूला, खासगी दुसऱ्या. पत्रं चाळायची. घरच्यांना जे कळून दुःखात भर पडेल ते बाजूला काढायचं आणि बाकी सगळं बांधून आईवडिलांना किंवा बायकोला पाठवून द्यायचं. शक्यतो बाकीचे खोलीत यायच्या आत हे उरकायचं. थोड्याच दिवसांत त्याच खाटांवर नवी सात मुलं. शेजारच्या सातांनी त्यांना नावं विचारायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

एक नाव इथे लिहिलंच पाहिजे. लंडनच्या हेंडन भागात रॉयल एअर फोर्सचं संग्रहालय आहे. तिथे आर ५८६८ क्रमांकाचं लँकेस्टर ठेवलंय, शंभरावर मोहिमा करून परतलेलं. त्या विमानातून नॅव्हिगेटर म्हणून उडालेल्यांत शैलेंद्र एकनाथ सुखठणकर होते. रात्रीच्या अंधारात, छोट्या दिव्याखाली नकाशावर पट्टी-पेन्सिलीनं रेघ मारत विमानाला जर्मनीपर्यंत नेणारा आणि परत आणणारा माणूस आपल्याकडचा होता, हे वाचून मी बराच वेळ त्या विमानाखाली उभी राहिले होते.

याच खाटांवरून उठून गेलेल्या मुलांनी हॅम्बुर्ग जाळलं, ड्रेस्डेन जाळलं. तिथल्या तळघरांत हजारो बायकामुलं गुदमरून मेली. हे मी विसरत नाही आणि विसरून या जागेकडे बघणं मला पटतही नाही. तरीही शेगडीच्या त्या चौकोनापाशी उभं राहिलं की वीस वर्षांच्या मुलाचा मोजाच डोळ्यांपुढे येतो. दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकाच वेळी असतात. त्यांचा मेळ मला घालता आलेला नाही.

आता त्या भिंतीबद्दल. टोकाच्या विटांच्या भिंतीचे पोपडे एका कोपऱ्यात थराथरानं सुटले होते. सगळ्यात आत लष्करी रंग, कमरेपर्यंत गडद हिरवा आणि वर मळकट साय. त्यावर फिकट गुलाबी चुन्याचा हात. त्यावर चक्क वॉलपेपर, बारीक निळ्या फुलांचा, कडेला ओल लागून तपकिरी झालेला. बॉम्बर विमानांच्या पोरांनी निळ्या फुलांचा कागद चिकटवला नसणार. मग दाराकडे वळले, तर लाकडी चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा. खालून वर पाच, प्रत्येकीपुढे आकडा. १०४, १०९, ११५, १२१ आणि माझ्या छातीच्या खाली १२७. लेकराला चौकटीला पाठ लावून उभं करायचं, डोक्यावर वही आडवी धरायची आणि रेघ मारायची. आपल्याकडेही घरोघरी अशा रेघा असतात. पण हे आकडे कसले? त्या काळातला इंग्रज माणूस पोराची उंची फूट-इंचांत मांडणार.

परत येताना मी मालकांना विचारलं.

“ते पोलिश,” ते म्हणाले. “युद्ध संपल्यावर इथे पोलिश कुटुंबं होती, मी शाळेत असेपर्यंत. त्यातली दोन मुलं माझ्या वर्गात होती. त्यांच्याकडे गेलं की त्यांची आई बिटाचं लालभडक सूप प्यायला लावायची.”

युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनमध्ये घरांची फार टंचाई होती. १९४६ च्या मे महिन्यात लिंकनशायरमधल्याच स्कंथॉर्पला एक कुटुंब ओस पडलेल्या लष्करी छावणीत जाऊन राहिलं. बातमी पसरली तशी देशभरातल्या छावण्यांत माणसं घुसली. शरद ऋतूपर्यंत हा आकडा चाळीस हजारांच्या घरात गेला. सरकार आधी चिडलं, मग पाणी-विजेची सोय करून देऊन भाडं घ्यायला लागलं. त्याच सुमारास पोलिश सैनिकांचा प्रश्न उभा होता. ब्रिटनच्या बाजूनं ते लढले होते. याच लिंकनशायरमधल्या फाल्डिंगवर्थच्या तळावरून पोलिश ३०० क्रमांकाची तुकडी लँकेस्टर उडवत होती. पण युद्धानंतर पोलंड रशियाच्या पंखाखाली गेलं आणि त्यांना परत जायला घरच उरलं नाही. १९४७ मध्ये ब्रिटिश संसदेनं त्यांच्यासाठी कायदा केला आणि रिकाम्या छावण्या त्यांच्या कुटुंबांसाठी उघडल्या. एका निसेन हटमध्ये दोन बिऱ्हाडं, मधे ब्लँकेटचा पडदा. पुढे कुठे प्लायवूडची भिंत, दारात फुलझाडं, शेजारच्या हटमध्ये चर्च, पलीकडच्या हटमध्ये शाळा.

ही कुटुंबं आली कुठून, हे शोधायला बसले आणि संगणकाच्या पडद्यावर कोल्हापूरचं नाव दिसलं.

वळिवडे. कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. १९४२ मध्ये त्यातले काही इराणमार्गे बाहेर पडले. त्यातली पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून वळिवड्याच्या छावणीत राहिली. बराकींच्या रांगा, त्यांची शाळा, चर्च, नाटकं, स्काउट. १९४७-४८ मध्ये ती छावणी उठली आणि त्यातली बरीचशी कुटुंबं जहाजानं इंग्लंडला आली. ज्यांचे नवरे, बाप, भाऊ ब्रिटिशांच्या बाजूनं लढले होते ती इथे त्यांना भेटली. आणि राहायला मिळालं ते असंच, लष्करानं सोडलेल्या छावण्यांतल्या पन्हळी पत्र्याखाली.

मी आईला फोन लावला.

“आई, वळिवड्याला पोलंडचे लोक होते, तुला माहीत होतं?”

“होय की. तुझे आजोबा सांगायचे. गोऱ्या बायका टांग्यातनं बाजारला यायच्या म्हणे. आणि त्या गेल्यावर तिथंच सिंधी लोक आले. आपलं गांधीनगर म्हणजे तेच की गं. तुझ्या लग्नाचा बस्ता तिथनंच नव्हता का बांधला?”

मी गप्पच झाले. फाळणीत सिंधमधून उठून आलेल्या माणसांना त्याच बराकी मिळाल्या होत्या. त्यांनी तिथे कापडाचा व्यापार उभा केला आणि आज सगळा दक्षिण महाराष्ट्र लग्नाच्या खरेदीला गांधीनगरला जातो. मी लहानपणापासून त्या गल्ल्यांत फिरले, साड्यांचे ढीग उलटेपालटे केले, आणि पायाखाली कुणाचं अंगण होतं हे मला इंग्लंडमधल्या एका गंजक्या पत्र्यानं सांगितलं.

या रानातल्या हटमधलं कुटुंब वळिवड्याहूनच आलं होतं, असं मी म्हणत नाही. तसा काही पुरावा माझ्याजवळ नाही. पण बिऱ्हाडांची ही साखळी खरी आहे. सात मुलांच्या खाटा उचलल्या, तिथे एका बाईनं निळ्या फुलांचा कागद लावला. तिच्यासारख्याच कुणीतरी वळिवड्यात रिकामी केलेली खोली सिंधहून आलेल्या दुसऱ्या बाईनं झाडली.

म्हणून या जागांकडे ज्या नजरेनं बघितलं जातं त्याचं मला वाईट वाटतं. विमानतळांचे कंट्रोल टॉवर लोकांनी जिवापाड जपले आहेत. ईस्ट कर्कबीचा टॉवर बघा, नॉरफोकमधल्या थॉर्प अॅबट्सचा बघा, काचा, टेलिफोन, फळ्यावरचा खडू, सगळं पूर्वीसारखं. ते करणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण टॉवरमध्ये माणसं ड्यूटीला यायची. राहायची ती या पत्र्याखाली. आणि हे पत्रे दर हिवाळ्यात एकेक करून खाली बसतायत. कुठे बटाट्याचं गोदाम, कुठे ट्रॅक्टर, कुठे काहीच नाही. सगळे वाचवता येणार नाहीत, हे मलाही कळतं. शेतकऱ्यानं स्वतःच्या खर्चानं किती वर्षं पत्रा बदलायचा? पण प्रत्येक जिल्ह्यात एक तरी हट वाचावा, आणि वाचवताना नुसता १९४४ सालचा करू नये. वॉलपेपर खरवडून लष्करी हिरवा पुन्हा चढवला, खाटा मांडल्या, पुतळ्यांना गणवेश घातले, की निळ्या फुलांची बाई त्या घरातून दुसऱ्यांदा उठवली जाईल. ते थर तसेच ठेवावेत. मी हे मालकांना बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “छप्पर आणखी दोन हिवाळे काढेल. पुढचं सांगता येत नाही.”

मागच्या महिन्यात त्यांची परवानगी घेऊन पुन्हा गेले. या वेळी बरोबर मोजायची टेप होती. आकडे सेंटीमीटरच आहेत, याची खात्री करायची होती. चौकटीपाशी गुडघ्यावर बसले, टेपचं टोक जमिनीला टेकवलं आणि सगळ्यात खालच्या रेघेपर्यंत ओढली. ९८. पुन्हा मोजलं. ९८ च. वरची १२७ ची रेघ मोजली, ती १२१ वर आली. प्रत्येक रेघ सहानं कमी. मग माझा अंदाजच चुकला की काय, असं वाटून जीव खट्टू झाला. उठताना हात टेकला तो मऊ मातीत रुतला. मालकांनी इथे वर्षानुवर्षं बटाटे साठवले होते, गवताच्या पेंढ्या ठेवल्या होत्या. बुटाच्या टाचेनं उकरायला लागले. वर वाळका पेंढा, खाली घट्ट बसलेली काळी माती, तिच्याखाली कुजक्या गोणपाटाचा थर. हातानं तो सोलून काढला. खाली गुळगुळीत, थंड सिमेंट लागलं, उंबऱ्याजवळ येण्याजाण्यानं झिजलेलं. ओंजळीनं माती बाजूला सारली, टेपचं टोक तिथे टेकवलं आणि पुन्हा वर ओढलं.

१०४.